दमानं म्हटलेली आरती

सुमेधा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बुऱ्हाणपूरजवळ फोपनारला एका स्नेह्याच्या केळीच्या बागेत उभा होतो. मेहुण्यांनी एवढंच सांगितलं, आणि मी तसाच आईकडे निघालो. महिना होत आला, तरी धाकटी बहीण नाही हे अजून तोंडातून निघत नाही.

लहानपणापासून ती संशयी, आणि संशोधनही तिला तसंच मिळालं. प्रकाशाच्या कणांतून गुप्त संदेशाची किल्ली पाठवायची; वाटेत कोणी डोकावलं तर ते कळतं, इतपत मला समजलं होतं. पण प्रकाश सोडणारा दिवाच परक्याच्या ताब्यात असेल तर? तिची सारी वर्षं या प्रश्नात गेली. "दादा, सोर्सवर भरोसा नाहीच ठेवायचा. आलेला थोडा प्रकाश बाजूला काढून मोजायचा, मग ठरवायचं बाकीचा किती सुरक्षित आहे." मग जावईबापूंचं कठीण आहे, असं मी चिडवायचो.

फुप्फुसाचं दुखणं निघालं तेव्हा तिने मला बजावलं, "आईला नको सांगू. तिला सहन नाही होणार." तिने बुऱ्हाणपूर सोडल्यापासून दर गुरुवारी संध्याकाळी मायलेकी फोनवर मिळून आरती म्हणायच्या. तो नेम तिने आजारातही मोडला नाही. हळूहळू मात्र आईच ओळीच्या मधे थांबू लागली. "वय झालं बाई, दमानं म्हण," म्हणायची. सुमेधाने मला वेगळा फोन केला. "आईला धाप लागतेय दादा. डॉक्टरला दाखव ना, टाळू नको." स्वतःचं एवढं असताना ती आईसाठी रडत होती.

डॉक्टरांना आईच्या छातीत काहीच सापडलं नाही. परतताना रिक्षात ती म्हणाली, "मले काय धाड भरली? तिलेच ओळ पुरत नाही रे. मी थांबली का ती श्वास घेते… मले समजलं, हे तिले नको सांगू." दिव्यावरसुद्धा विश्वास न ठेवणारी माझी बहीण आईच्या त्या खोट्या धापेवर डोळे मिटून विसंबली होती.

संध्याकाळी सुमेधाने फोनवर विचारलंच, डॉक्टर काय म्हणाले.

"वयाचं आहे. दमानं घ्या म्हणाले."

"मग दमानंच म्हणू आम्ही," ती म्हणाली. तिच्या आवाजातली काळजी उतरली होती.

आई अजून गुरुवारी आरतीला उभी राहते. फोन येत नाही. ओळीच्या मधे ती थांबते, पलीकडे श्वास घेऊन होईल इतका वेळ, आणि मग पुढचं म्हणते.