बुडालेल्या बोटीवरचे मासे

पणजोबा ज्या आगबोटीबरोबर बुडाले, तिच्यापर्यंत मी कॉलेजच्या अभ्यासासाठी पाठीवर हवेची टाकी बांधून उतरलो. तिथे आमच्या गावातलं कुणी जाळं टाकत नाही. "थंय आपली माणसां आसत. थंयचो मासो खावचो नाय," बाबा सांगतात.

गंजलेल्या खिडकीतून एक थोराड गोबरा मासा माझ्याकडे बघत राहिला, दारात आलेल्याला घरातल्या माणसाने ओळखू पाहावं तसा. मेलेल्यांसाठी सोडलेली जागा इतकी जिवंत असते? मी नकळत हात जोडले.

वर आल्यावर सरांनी विचारलं, "इथेच एवढे मासे का रे?"

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबांचं कारण सांगितलं तर हसतील, असं वाटलं.

"प्रवाळामुळे, सर."

ते अगदीच खोटं नव्हतं. पण होडी बाबांची होती आणि वल्ह्यावर तेच बसले होते. त्यांनी तोंड समुद्राकडे फिरवलं.