हेडसरांच्या नाटकातली बायको

माझ्या आत्याला तिच्या नवऱ्याने घराबाहेर काढलं तेव्हा मी नववीत होते आणि तो आमच्या शाळेचा हेडमास्तर होता. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. जवळपास दुसरं हायस्कूल नव्हतं, त्यामुळे ज्याचं तोंड बघायची इच्छा नव्हती, त्याच्याचसमोर रोज प्रार्थनेला हात जोडून उभं राहावं लागे.

झालं होतं एवढंच. त्यांच्या शेजारच्या मुसलमान घरातली सून अडली होती आणि सुईण परगावी गेलेली. आत्या संध्याकाळी तिकडे गेली, मुलगा झाल्यावर सकाळी परतली. बाळंतपणाला गेले होते, हे तिचं म्हणणं नवऱ्याला पटलं नाही. त्या घरची म्हातारी शपथ घेऊन सांगायला आली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "खोटारडीची बाजू घेणारी खोटारडीच असणार." आत्या खोटारडी कशावरून, तर असली खोटी माणसं तिच्या बाजूने बोलतात यावरून. माझे वडील समजवायला गेले, त्यांनाही हेच ऐकावं लागलं. वर हे, की मी आयुष्यात कुणावर अन्याय केलेला नाही, त्याअर्थी तिची चूक असलीच पाहिजे. आवाज म्हणून कधी चढायचा नाही. तो आरडाओरडा करणारा असता, तर मला त्याची इतकी किळस आली नसती.

आत्या आमच्याकडे राहायला आली. पुढच्या हिवाळ्यात हेडसरांनी गॅदरिंगसाठी स्वतः नाटक लिहिलं. त्यातला जहागीरदार सत्यवचनी. बायको खोटं बोलली म्हणून तो तिला हाकलतो. जो कुणी समजवायला येईल त्याला तो एकच ऐकवतो: "मी चुकत नाही, म्हणून लोक माझ्याकडे निवाड्याला येतात. आणि लोक निवाड्याला येतात, म्हणजे मी चुकत नाही." तालमीत या वाक्याला मास्तर लोक माना डोलवत. जहागीरदाराचं काम अर्थात हेडसरांचं. बायकोचं काम त्यांनी मला दिलं. वर म्हणाले, "तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही. असतं तर हे काम तुला दिलं असतं का?"

वडील म्हणाले, करायचं नाही. आत्या ज्वारी पाखडत होती. ती म्हणाली, करू द्या, पण आधी मला वाचून दाखव. मी सगळं वाचलं. शेवटी बायको जहागीरदाराचे पाय धरून गुन्हा कबूल करते, तिथे आत्याचे हात थांबले.

"ती बाई गेल्ती कुठं?" तिने विचारलं.

मी पानं चाळली. नाटकात ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"आन् हे असलं मी कधी म्हणले न्हाई," एवढं बोलून ती पुन्हा पाखडू लागली.

गॅदरिंगला शाळेच्या पटांगणात अख्खं गाव लोटलं होतं. शेजारची म्हातारी नातवाला मांडीवर घेऊन बायकांत बसली होती. शेवटचा प्रवेश आला. मी गुडघे टेकले. 'मी पापी आहे' असं म्हणायचं होतं. मी हेडसरांकडे बघून म्हणाले, "मी बाळंतपणाला गेल्ते. मी खोटं बोलले न्हाई."

हेडसरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते लोकांकडे वळले आणि त्याच शांत आवाजात म्हणाले, "पाहिलंत? पायाशी बसूनही खोटं सुटत नाही."

आणि टाळ्या पडल्या. त्या पोराच्या जन्माची साखर खाल्लेली माणसं टाळ्या वाजवत होती. म्हातारी तेवढी उठली, नातवाला कडेवर घेऊन स्टेजपाशी आली आणि हात पुढे करून म्हणाली, "चल बेटी, घर चल." मी जहागीरदारणीच्या लुगड्यातच तिच्यासोबत निघाले.

दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावणं आलं. हेडसरांनी समजावलं, की मी मुलीला शाळेतून काढत नाही, ती आपल्या वागण्याने चालली आहे; चांगली असती तर मी तिला जाऊ दिलं असतं का. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, तुमी कधी चुकले का?"

हेडसरांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "आठवत नाही."

मी अंबडला मावशीकडे राहून शिकले. आत्याने सुईणपणाचं सरकारी शिक्षण घेतलं, आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्याच घरच्या बैलगाड्या तिला न्यायला येऊ लागल्या. ती जायची. तिच्या जागी मी असते तर गेले नसते. हेडसरांनी दुसरं लग्न केलं. गावाने जेवणावळी झोडल्या.

काही वर्षांनी ते मरणाच्या दुखण्याने तालुक्याच्या दवाखान्यात होते, तेव्हा शाळेचा शिपाई तिथून आत्यासाठी निरोप घेऊन आला. मी सुट्टीला घरी आले होते. निरोप असा होता, की मी तुला माफ केलं आहे, आता भेटून जा. मला संताप आवरेना. माफी दिली, म्हणजे गुन्हा झालाच होता, हे मरता मरताही त्यांनी शाबीत करून घेतलं होतं. मी शिपायाला काही बोलणार, तेवढ्यात आत्याने त्याच्या हातात चहाची कपबशी दिली.

"काय सांगू सरांना?" त्याने विचारलं.

"काही न्हाई," आत्या म्हणाली. "चहा घे. तुझी एस्टी निघंल."