कोटाच्या बाहीतली कुंभारीण

मेढ्याच्या वरच्या अंगाला नाथाजी हवालदार नावाचा पेन्शनर राहायचा. पहिल्या लढाईत बसऱ्याला दोन वर्षं काढून आलेला. तिथं आपण तुर्काला भ्यालो नाही असं तो पारावर सांगायचा, आणि ते खरंही असेल. पण आढ्यावरून कोळी सुतानं खाली उतरला की हाच गडी बाजेवर चढून बायकोला हाका मारायचा. बनुबाई केरसुणीनं कोळ्याला हाकलायची आणि मग शेजारणीला सांगून यायची, त्यामुळं सगळ्या गावाला ठाऊक.

सेहेचाळीस सालच्या थंडीत साताऱ्याला जुन्या शिपायांचा मेळावा ठरला. कुणी मोठा साहेब येणार होता. हवालदारानं ट्रंकेतला खाकी कोट काढून ओसरीतल्या खुंटीला वाऱ्यावर टांगला आणि तिथंच बसून बिल्ले घासायला लागला.

तिथं त्याला कुंभारीण दिसली. सुतासारख्या कमरेची ही माशी चिखलाच्या गोळ्या आणून मडकी करते, म्हणून तिचं हे नाव. हिनं मात्र कोळ्यांचाच सपाटा लावला होता. डंख मारून गार केलेला एकेक कोळी धरून आणायची, कोटाच्या मागं शिरायची, रिकाम्या तोंडानं बाहेर यायची. आयुष्यात पहिल्यांदा हवालदाराला एक किडा आवडला. दोन दिवस तो बिल्ले विसरून बघत बसला.

"ही जमादार हाय, जमादार, हवालदारापरीस वरची," तो बनुबाईला म्हणाला.

मेळाव्याच्या आदल्या सकाळी त्यानं कोट घालून बघितला, तर डावा हात बाहीत अडकला. मनगटापाशी आतून चिखलाची चार मडकी, आणि चारीत कोळी ठासलेले. हवालदारानं कोट असा फेकला की बिल्ले वाजले.

"काठी आण, फोडतो एकेक."

तेवढ्यात सून राहीबाई कोटापुढं येऊन उभी राहिली. तीन वर्षांत ती सासऱ्यापुढं मान वर करून बोलली नव्हती. "मामंजी, फोडू नगा," म्हणाली.

कुंभारणीनं ज्या घरात घर केलं त्या घरात पाळणा हलतो, असं तिकडच्या बाया मानायच्या.

"अगं, पर आमचा पोरगा किष्णात कुठं हाय?" हवालदार कातावला. "तीन वर्सं झाली, आधी इटलीत, आन लढाई संपली तरी डेपोत. रजा न्हाई. पाळणा काय टपालानं यायचा?"

राहीबाईनं डोळ्याला पदर लावला. बनुबाई म्हणाली, "आवं, एक दिस बाही न घालता गेलासा तर काय सरकार बुडतंय व्हय? आन ते कोळी मेल्यालंच हायती."

"मेल्यालं न्हाईत, नुसतं गार पडल्यात. मी सवता बगितलंय."

दुसऱ्या दिवशी गेला मात्र तसाच. डावा हात कोटाच्या आत पोटाशी धरून वरून बटणं लावली, बाही मोकळी लोंबती. मोटारीत एका म्हातारीनं उठून जागा दिली, तेव्हाच त्याला शंका यायला हवी होती. पण त्याचं सगळं ध्यान बाहीत काही वळवळतंय का इकडं.

रांगेत साहेब त्याच्यापुढं आला. लोंबत्या बाहीकडं बघितलं, थांबला, आणि आधी साहेबानं सलाम ठोकला. मग हिंदुस्थानीत विचारलं, काही मागणं आहे का.

आपला हात तुटलाय असं साहेबाला वाटलंय, हे तेव्हा हवालदाराला उमगलं. आता हात बाहेर काढला तर फजिती, आणि नाही काढला तर लबाडी. हात राहिला आतच. "एक लडका है साब, पलटन में. तीन साल छुट्टी नहीं."

कारकुनानं नाव-नंबर टिपून घेतला. पंधरा दिवसांत किष्णात दारात. बिस्तरा टाकून त्यानं आधी बापाचा डावा दंड चाचपला.

"आबा, डेपोत तर सगळी म्हणत हुती…"

"म्हणू दे. आत चल."

दिवाळीला राहीबाईला मुलगी झाली. गावातल्या बाया बघायला यायच्या, प्रत्येकीच्या तोंडी कुंभारणीचंच कौतुक. हवालदार आतल्या आत जळायचा. साताऱ्याच्या उन्हात हात कोंबून तासभर उभा कोण राहिला? मुंग्या कुणाच्या हाताला आल्या? पण हे बोलून दाखवायचं तर सलामाचीही भानगड सांगावी लागणार. म्हणून नातीला मांडीवर घेऊन तो बिल्ल्यांशी खेळवायचा.

थंडी पडल्यावर एक कुंभारीण पुन्हा आली आणि कोळी धरून कोटाभोवती घिरट्या घालायला लागली. हवालदारानं थोडा वेळ बघितलं. मग उठला, खुंटीवरचा कोट काढला आणि शेजारी नानासोच्या ओसरीत नेऊन टांगला.

नानासोला आधीच सात पोरं होती.