सावलीच्या बाजूचा डबा

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे शिकलेल्या माणसांचं काम, आणि मी अजून शिकतोच आहे. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्याआधी आमच्याकडे जे काही लिहिलं गेलं ते रजेचे अर्ज आणि गावी पाठवायच्या खोक्यांवरचे पत्ते. तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. हसू आलं तर मात्र सांभाळू नका.

तर, मी जन्मात कधी रेल्वेत बसलेलो नाही. आणि माझ्या आईबाबांचा युरोपातला रेल्वेप्रवास मी आखला.

मी मस्कतमध्ये वाढलो. इथे रेल्वे नाही. गावी कुडाळला जायचं तर आम्ही गोव्याला विमानाने उतरतो आणि बाहेर मामा जीप घेऊन उभा असतो. गाडी मी लांबून पाहिली आहे, फाटक बंद असताना. पण अल खौदच्या कॉलेजात माझा विषय आहे वाहतूक आणि मालपुरवठा, आणि बाबांनी ही गोष्ट आमच्या माबेला वस्तीतल्या प्रत्येक माणसाला सांगितली आहे. "आमचा बाबू वाहतूकच शिकतो!" असं ते अशा आवाजात सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, जहाजं मलाच विचारून बंदरात शिरतात.

बाबा एसी दुरुस्त करतात. आमच्या जन्माच्या आधीपासून एकाच अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे, आहेत. यंदा अर्बाब खूश होऊन म्हणाला, "यल्ला, चल, बायकोला घेऊन युरोप बघून ये. तिकडे एसी लागत नाही!" तिकिटं त्याची. आखणी माझी.

आमच्या खालीच कासिमकाकांचं किराणा दुकान आहे. काका मूळचे दापोलीकडचे. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, "अरे, डोंगर नि पाऊसच बघायचा तर इथे ओमानातच सलालाला जा ना! नारळसुद्धा आहेत. आणि हरवलात तर नारळपाणीवाला घरी आणून सोडतो."

"काका, हरवायला काय झालं? मी आखलंय सगळं."

हे वाक्य मी उच्चारलं होतं. साक्षीदार आहेत.

पहिले दिवस झकास गेले. तळी, लाकडी पूल, फुलांनी भरलेल्या खिडक्या, आणि प्रत्येक फोटोत बाबा, डोळे वर छताकडे. (ते प्रत्येक डब्यात एसीची जाळी तपासत होते.) रोज सकाळी मी फोनवरून सूचना द्यायचो आणि बाबा "बरं सर" म्हणायचे. आधी थट्टेने म्हणायचे. नंतर खरंच म्हणायला लागले. मला फार बरं वाटत होतं.

मग इंटरलाकेनचा दिवस उजाडला.

त्या दिवशी डोंगरावर जायचं होतं. इंटरलाकेनहून छोट्या गाडीने लाउटरब्रुनेन नावाच्या धबधब्याच्या गावी, तिथून दुसऱ्या गाडीने वर, बर्फाच्या शिखरांसमोरच्या स्टेशनावर. गाडीच्या माहितीत एक ओळ होती, की ही गाडी वाटेत विभागली जाते. मी ती वाचली. विचार केला. गाडी विभागली जाते म्हणजे काय? गाडी काय भाकरी आहे? मी ठरवलं, की जागांचे विभाग असतील, पहिला वर्ग, दुसरा वर्ग. आणि बाबांना सांगितलं, "मागच्या डब्यात बसा. तिथे गर्दी कमी असते."

"आणि तुझी आई म्हणते, कुठल्याही डब्यात बसलं तर चालतं ना?"

"बाबा, गाडी एकच असते!"

आता आईबद्दल सांगायला हवं. इतकी वर्षं मस्कतमध्ये काढल्यावर माणसाच्या अंगात एक गोष्ट भिनते. ऊन टाळणं. आई बस, टॅक्सी, दवाखाना, देऊळ, कुठेही गेली तरी आधी सावली कुठल्या बाजूला ते बघते आणि मगच बसते. युरोपात सगळं जग उन्हाच्या बाजूला धावत असतं, त्यामुळे आईला जागा कायम मोकळी! पण डोंगरातली गाडी वळणं घेते. गाडी वळली की ऊन वळायचं, ऊन वळलं की आई वळायची. त्यात बाबा उन्हाच्या खिडकीला चिकटून व्हिडिओ काढत बसलेले. मधल्या एका छोट्या स्टेशनावर गाडी थांबली तेव्हा आई वैतागून उठली.

"तुमी बसा उन्हात! मी फुडच्या डब्यात सावलीक बसतंय. उतरताना हाक मारा."

आणि पुऱ्यांच्या डब्याची पिशवी घेऊन ती फलाटावरून पुढे गेली. त्यानंतरच्या स्टेशनावर गाडी विभागली गेली. भाकरीसारखीच. पुढची अर्धी एका दरीत गेली, मागची अर्धी दुसऱ्या.

माबेल्यात भर दुपारी माझा फोन वाजला. आमच्या घरचा एक नियम आहे. एरवी आम्ही शाळेतल्यासारखं मराठी बोलतो, घाबरलो की मालवणी.

"बाबू," बाबा म्हणाले, "गाडी रिकामी झाली रे. तुझी आवस खंयच दिसणा नाय."



"नीट बघा. पुढच्या डब्यात असेल."

"फुडचो डबोच नाय!"

"डबा नाही म्हणजे?"

"होतो. आता नाय."

ज्या माणसाने आयुष्यात रेल्वे पाहिली ती फाटकापलीकडून, त्याने या वाक्यावर काय करायचं? मी आईला फोन लावला. बंद. बंदच असणार, कारण परदेशात चालणारं पॅक मी फक्त बाबांच्या फोनवर घातलं होतं. ("दोघं एकत्रच तर असणार!" हेही मीच.) आईचा पासपोर्ट बाबांकडे. हॉटेलचं नाव बाबांकडे. आईकडे गळ्यात अडकवलेलं तिकीट, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि खजूर. इंग्रजी तिला येतं ते 'थँक्यू'पर्यंत. अरबी येते, पण तीही शिवणकामाची. आई शेजारच्या ओमानी बायकांचे कपडे शिवते. तिची अरबी म्हणजे 'लांब', 'आखूड', 'ढगळ' आणि 'उद्या, इन्शाल्ला'. एवढ्या शब्दांवर युरोप कसा पार पडणार?

"बाबा, स्टेशनावर नाव काय लिहिलंय?"

"जी, आर, आय, एन, डी... लय मोठा हा रे."

"ग्रिंडेलवाल्ड," माझी धाकटी बहीण सई माझ्या खांद्यावरून म्हणाली. ती इंडियन स्कूलमध्ये आहे, तिचं मराठी दर तीन शब्दांनी धापा टाकतं. "पण दादा, आपण तर... प्लॅनमध्ये तर दुसरं..."

"सई, गप! आई हरवली आहे!"

"हो, पण लिसन ना, बाबा पण..."

"गप म्हटलं ना!"

मी डोळ्यांसमोर आई पाहत होतो. बर्फात. एकटी. सावलीत.

"बाबा, परत खाली जा. जिथे गाडी तुटली त्या स्टेशनावर. आई तिथेच असेल."

बाबा लगेच निघाले. समोर डोंगरावर जाणारी दुसरी गाडी उभी होती, तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मी सांगितलं होतं ना! त्या स्टेशनावर आई नव्हती. मी म्हटलं, मग ती घाबरून इंटरलाकेनला परतली असणार, तिकडे जा. बाबा तिकडे निघाले. वाटेत त्यांनी पुन्हा फोन केला. मागे गाडीचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता.

"बाबा?"

"तिका एकटीक रस्तो ओलांडूची सवय नाय रे," ते म्हणाले. "मीच कधी लावली नाय. कायम हात धरून न्हेलंय."

मला वाटलं बाबा रडतायत. मी त्यांना रडताना कधी पाहिलेलं नाही, म्हणून खात्री देता येत नाही. माझ्याबद्दल देता येते.

सई खाली धावत जाऊन कासिमकाकांना घेऊन आली. काका दुकान तसंच टाकून, हातात दुकानाचा मोबाइल घेऊन वर आले. माझी अवस्था बघून त्यांनी आधी पंखा लावला. एसी चालूच होता, तरीही.

"पोरा, धीर धर. अल्ला मोठा आहे. तिथल्या पोलिसांना..." एवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी बघितलं आणि कापला. "काय वैताग! कोण तरी अरबी बाई आहे. मघापासून फोन करते. मी विचारलं, घर कुठलं? म्हणते, डोंगर! मी म्हटलं, बाई, डोंगरावर आपली डिलिव्हरी नाही, खलास! तरी करतेच आहे."

"काका, आईकडे पासपोर्ट पण नाही..."

"सापडेल रे. एवढी हुशार बाई. माझ्याकडून कांदे घेताना एक एक कांदा दाबून बघते..." फोन पुन्हा वाजला. काकांनी पुन्हा कापला. "संकटात माणसाला सुखाने रडूपण देत नाहीत लोक!"

मी इंटरनेटवर 'आई हरवल्यास काय करावे' असं शोधत होतो. (लहान मुलं हरवल्यास काय करावं यावर पुष्कळ माहिती आहे. आयांवर काहीही नाही.) आमची वकिलात कुठल्या शहरात ते मला सापडत होतं, पण त्यांना सांगायचं काय? ठेंगणी, निळी साडी, वर बाबांचं जॅकेट, उन्हाकडे पाठ करून उभी असेल?

तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा सईने तो काकांच्या हातातून ओढून घेतला आणि मोठ्या आवाजावर टाकला.

"अस्सलामु अलैकुम," एक ओमानी बाई म्हणाली, आणि मागून दुसरा आवाज आला, "द्या हयसर! मी बोलतंय!"

तो आवाज मी पाताळातूनही ओळखला असता.

"कासिमभाई! किती वेळ फोन कापतास? मी बोलतंय, पयल्या मजल्यावरची!"

काका सवयीने म्हणाले, "वहिनी, कांदे संपले का?"

मग आमच्या लक्षात आलं. आईला जगात एकच फोन नंबर पाठ आहे. नवऱ्याचा नाही, मुलाचा नाही. किराण्याचा!

"आई!" मी ओरडलो. "तू कुठे आहेस? कशी आहेस? हलू नको तिथून!"

"बाबू? तू कासिमभाईंच्या दुकानात काय करतंस? अभ्यास नाय?"

"आई, तू हरवली होतीस!"

"मी? मी खंय हरवलंय? मी वर पोचलंय. समोर बर्फ हा. कॉफी पितंय."

हळूहळू गोष्ट बाहेर आली. आई पुढच्या अर्ध्या गाडीतून उतरली तेव्हा मागे डबेच नव्हते. ती घाबरली. खूप घाबरली असणार, कारण तिने तो भाग सांगितलाच नाही. तेवढ्यात तिला गर्दीत एक अबाया, ओमानी बायका घालतात तो काळा झगा, दिसली, आणि बाहीवरची ती जरीची कड बघताच तिला कळलं, ही बाही मस्कतचीच! तिने सरळ जाऊन ती बाही धरली आणि अरबीत म्हणाली, "इथे उसवलंय." त्या बाईने बघितलं तर खरंच उसवलेलं! आईने पर्समधून सुईदोरा काढून तिथेच फलाटावर टाके घातले आणि घालता घालता आपली कहाणी सांगितली, "गाडी लांब. मग गाडी आखूड. मी पुढे, नवरा मागे." ती नवऱ्याबरोबर फिरायला आली होती, आणि कुटुंब सीबचं निघालं, म्हणजे आमच्या शेजारचंच. त्यांनी विचारलं, तुम्हाला जायचं कुठे होतं? आईने बोट वर केलं. ते म्हणाले, आम्हीही तिकडेच, यल्ला!

"म्हटलं, ठरल्याप्रमाणे वर जाऊन रवूया. ह्ये येतीलच," आई म्हणाली. "पुरये संपले, पण तुझे बाबा काय येनत नाय. खंय हरवले ते?"

पंखा तेवढा फिरत होता.

"मी तेच सांगत होते," सई म्हणाली. "आई करेक्ट गाडीत होती. राँग गाडीत बाबा होते. ग्रिंडेलवाल्ड आपल्या प्लॅनमध्येच नाहीये."

मी नकाशा उघडला. ती दोन गावं डोंगराच्या दोन बाजूंना आहेत, आणि दोन्हींकडून गाड्या वर जातात त्या एकाच स्टेशनावर, जिथे आई कॉफी पीत होती. म्हणजे बाबा ग्रिंडेलवाल्डला समोर उभ्या असलेल्या गाडीत नुसते चढले असते, तरी पोहोचले असते. मी फोन उचलला नसता, तरी पोहोचले असते! ते हरवले होते ते मी त्यांना शोधायला पाठवल्यावर.

त्याच क्षणी माझ्या फोनवर बाबा आले. "बाबू, इंटरलाकेनला पोचलंय. हयसर पण नाय ती. आता खंय जाऊ?"

मी तोंड उघडलं. काकांनी ते हाताने बंद केलं, फोन घेतला, दुकानाच्या मोबाइलला टेकवून धरला आणि त्या ओमानी बाईच्या नवऱ्याशी बाबांची गाठ घालून दिली. दोघं अरबीत बोलले. कुठल्या गाडीत, कुठल्या बाजूच्या डब्यात, सगळं त्या भल्या माणसाने दोन वाक्यांत सांगितलं. मग आम्ही तिघं फोनकडे बघत बसलो. काकांचं दुकान उघडंच होतं, त्यांना आठवण नव्हती.

पुष्कळ वेळाने बातमी आली, आणि तीही माझ्या फोनवर नाही, दुकानाच्याच. दोघं भेटले. सोबत फोटो होता. मागे पांढरं शिखर, पुढे आई, आणि बाबांनी तिच्या जॅकेटची बाही मुठीत गच्च धरलेली. खाली आईचा निरोप होता, माझ्यासाठी नाही, कासिमकाकांसाठी: उद्यापासून आम्ही सावली बघून बसणार, बाबूला विचारणार नाही, तुम्ही फक्त पोरांना कांदे द्या.

वाहतूक नियोजनाच्या माझ्या पेपरचा निकाल अजून लागायचा आहे. घरचा लागला.