तुर्भ्याची धायटी

लग्नानंतर जावळीहून एसटीनं तुर्भ्याला निघाले, तेव्हा मांडीवर तेलाच्या डब्यात धायटीचं रोप होतं. बाकीच्या मुली तुळस नेतात. माझे वडील, अण्णा, मधाच्या पेट्या सांभाळायचे आणि आई गेल्यापासून एकटेच राहायचे. तुम्हीही चला म्हटलं, तर म्हणाले, "आगं, फुलोरा न्हाई तिथं मधाचा माणूस काय करणार?" मला रागच आला. फुलोरा मी करून दाखवते, असं मनाशी ठरवलं.

धायटी म्हणजे वसंतात लालभडक फुलांनी लगडणारं आमच्या डोंगरातलं झुडूप. शाळेतून येताना आम्ही ती फुलं ओढून चोखायचो, तरी मधमाशांना मध कमी पडायचा नाही.

तुर्भ्यात तळमजल्याचा फ्लॅट, समोर ट्रकांची रांग. झाडाला शेणखत घातलं, रोज पाणी दिलं, बाळंतिणीसारखी बडदास्त ठेवली. दोन वर्षं नुसता पाला! सोसायटीचे सेक्रेटरी म्हणायचे, "वहिनी, हे काय जंगल? गुलाब-बिलाब लावा ना, जरा शो येतो." शेवटी वैतागून कंपाउंडलगतच्या डेब्रिजमध्ये ते लावलं आणि पाणी बंद केलं. धायटी कातळावर वाढणारी; मधवाल्याच्या लेकीला एवढीही अक्कल नसावी?

पुढच्या शिमग्याआधी पानं गळालेल्या फांद्या लाल झाल्या. काय तिचा रुबाब! अण्णांच्या पेटीत असायच्या तसल्याच सातेरी माशा तिच्यावर घोंगावत होत्या आणि एक इवलासा शिंजीर पक्षी उलटा लटकून मध पीत होता. मी रडलेच. अण्णांना पोस्टकार्ड टाकलं: माशा आल्या, तुम्ही कधी येता?

ते दोन दिवसांच्या बोलीवर आले. झाडापाशी बसून माशा कुठून येतात ते बघत राहिले, आणि एकदम हसायला लागले.

"पोरी, एवढ्या लांबनं कशापायी आणलीस? त्यो डोंगर बघ की!"

रस्त्यापलीकडचा पारसिकचा डोंगर उतारभर लाल होता. खाणवाल्यांनी पोखरलेला, कुणी तांब्याभर पाणी न घातलेला, तरी फुललेला. तीन वर्षं गावच्या डोंगरासाठी झुरताना मी एकदाही मान वर केली नव्हती. लाज वाटली, आणि त्या डोंगराचं फार कौतुकही वाटलं.

तिसऱ्या दिवशी अण्णांची पिशवी भरून दाराशी होती. चहा पिताना त्यांनी विचारलं, "त्या डोंगराव जायाची वाट कुटनं हाय?"

मी पिशवी आत नेऊन ठेवली. तेव्हापासून गावाकडचं कुणी 'घरी कधी येणार?' म्हणून विचारतं, तेव्हा मी सांगते, अण्णा आणि मी, आम्ही दोघंही घरीच आहोत.