वाटेवर रोज एक गाणं

डोंगरातल्या एका पाड्यावर लग्न होऊन आले आणि दोनेक वर्षांत अंगणवाडीचं काम मिळालं. प्रशिक्षणात शिकवलेली गाणी तोंडपाठ करून मी पहिल्या दिवशी पोरांसमोर उभी राहिले. हातवारे करून दोन गाणी म्हटली. पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसली. त्यांच्या घरची बोली वेगळी, गाण्यातली मराठी वेगळी; झुकझुक गाडी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. महिनाभर असंच चाललं. खाऊ खायला तेवढी यायची, मग निघून जायची.

माझी सासू लग्नांत गाणी म्हणणारी. आसपासच्या पाड्यांत तिच्याशिवाय हळद लागत नसे. एकदा भात निवडताना मी तिला म्हटलं, आई, मला तुमच्यासारखं सुचत नाही. तिने सुपातून मान वर केली नाही.

"सुचत कुनालाच नाय गं बाय. रोज एक करायचं. वाईट झालं त वाईट, पन त्याच दिशी गायाचं."

दुसऱ्या दिवसापासून मी तेच धरलं. घरापासून अंगणवाडीपर्यंत शेताच्या बांधावरून वाट आहे. तेवढ्या वाटेत एक गाणं जमवायचं, पोरांच्या बोलीत, आणि पोचल्याबरोबर म्हणून टाकायचं. सुरुवातीची गाणी इतकी वाईट होती की माझं मलाच हसू यायचं. कोंबडीवर केलं, नागलीच्या भाकरीवर केलं, चिखलात रुतलेल्या जीपवर केलं. कधी यमक जुळायचं नाही, कधी चाल अर्ध्यात संपायची. पण खाडा केला नाही. ताप अंगात असला तरी दोन ओळी व्हायच्याच. हळूहळू डोळ्यांना सवय लागली. वाटेत काय दिसतं ते आपोआप टिपलं जाऊ लागलं.

पावसाळ्यात एका सकाळी बांधावर खेकडा आडवा गेला. पोचल्यावर मी म्हटलं,

"खेकड्या खेकड्या, तिरका का रं?
सरळ वाट तुला दिसत नाय का रं?"

भिंतीला टेकून एक मुलगी बसायची. आल्यापासून तिने एक शब्द काढला नव्हता. मुकी आहे असंच सगळे धरून चालले होते. ती बसल्या जागेवरून, माझ्याच चालीत म्हणाली,

"सरळ गेला त बीळ चुकंल रं."

मग सगळी पोरं ती ओळ ओरडू लागली. मी तिला उचलून घेतलं. त्या दिवसापासून गाण्याची पहिली ओळ माझी आणि पुढची पोरांची, असंच ठरून गेलं. खाऊ संपल्यावरही कुणी उठेना.

दिवाळीनंतर गावं रिकामी होतात. त्या मुलीचे आईबाप तिला घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले. बरोबर आणखी पोरं गेली. उरलेल्या चारपाच जणांसाठी मी रोजचं गाणं करत राहिले, पण मनात यायचं, सहा महिन्यांत ती पुन्हा गप्प होईल.

पावसाच्या आधी माणसं परतली. जीप थांबली तेव्हा मी अंगणवाडी झाडत होते. आधी ऐकू आलं गाणं, मग धुळीतून पोरं दिसली. सगळ्यांत पुढे ती होती, उंच झालेली, आणि ती पहिली ओळ सांगत होती:

"शेट बोलला, जल्दी चल!"

मागून सगळी पोरं म्हणाली,

"गाढव बोललं, तूच पळ!"

तिची आई डोक्यावरचं बोचकं उतरवत मला सांगू लागली. भट्टीवर ही रोज सकाळी एक गाणं करायची. कुठकुठल्या मुलखातली पोरं तिच्याभोवती गोळा व्हायची, त्यांची भाषा हिला येत नव्हती, तरी गाणं व्हायचं. विटांवर, गाढवावर, शेटवर. "एक दिवस सोडला नाय हिनं," ती म्हणाली.

मी झाडू तिथेच टाकला. तोवर सासूही आवाज ऐकून आली होती. पोरांच्या मधोमध उभी राहून तिने टाळी धरली, आणि तिसरी ओळ कोण म्हणतं याची आम्ही सगळेच वाट पाहू लागलो.