जुना तांदूळ

मूल शहराजवळच्या आमच्या गावात माझ्या घराला लागून भातगिरणी आहे. तिच्या अंगणातील खांबावर एक प्रखर दिवा आहे. पोत्यांच्या राखणीसाठी तो अंधार पडताच लागतो आणि माझ्या गच्चीवरचे आकाश पुसून टाकतो. निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली दुर्बीण त्यामुळे चंद्र पाहण्यापुरती उरली होती.

कन्या राशीतील एक लंबवर्तुळाकार दीर्घिका मला पाहायची होती. ती फार अंधुक असते. उन्हाळा लागताच मी गिरणीमालकांकडे गेलो, ही लंबवर्तुळाकार दीर्घिका म्हणजे काय ते सांगितले आणि दिवा रोज तासभर बंद ठेवण्याची विनंती केली.

“काऊन गुरुजी? चोराची सोय करून राह्यले का?”

“एकदा येऊन पाहा. पाहण्यासारखे काही नसेल, तर पुन्हा मागणार नाही.”

“पक्कं?”

“पक्के.”

शब्द देताना मला ठाऊक होते की ती पाहण्यासारखी नसते. तिला सर्पिल भुजा नाहीत. दुर्बिणीत रंगही दिसत नाही.

जेवण आटोपून ते पत्नीसह गच्चीवर आले. दिवा बंद होता. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला.

“मले तं काईच दिसून नाई राह्यलं.”

“थेट पाहू नका. नजर किंचित बाजूला ठेवा.”

“म्हंजे पाहाचं बी अन् नाई बी पाहाचं?”

“सरका तिकडं,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या. त्यांनी डोळा लावला मात्र, “दिसली! धुक्याचा गोळा हाये.”

“तुले कशी दिसली?”

“सुनेच्या सयपाकावर मायी अशीच नजर असते.”

मग मालकांनाही दिसली. “तुम्ही तं लांबट म्हणत होते. हे गोल हाये.”

अशा दीर्घिकांची प्रतवारी त्या किती लांबट आहेत यावरून करतात आणि ही जवळजवळ गोल आहे, असे मी सांगितले.

“म्हंजे ठोकळ दाणा! बारीक बी असतात का?”

“असतात.”

धान्याचा माणूस प्रथमच स्टुलावर नीट बसला. मी पुढे सांगितले: तिचा उजेड पाच कोटी वर्षांहून अधिक काळ वाटेत होता. तिच्यातील बहुतेक तारे वृद्ध आहेत. नवे तारे घडवण्याजोगा थंड वायू फारसा उरलेला नाही, म्हणून छायाचित्रात ती पिवळसर दिसते. थकलेली आहे.

“थकलेली कायची? जुना तांदूळ हाये हा! अन् तुम्ही तोंड पाडून सांगून राह्यले. जुन्याचाच भात मोकळा होते, गुरुजी. भाव बी त्याचाच.”

चाळीस वर्षे मी वर्गात ‘थकलेली’ हाच शब्द वापरला होता. त्या दिवशी तो सोडला.

दुसऱ्या दिवशी गिरणीचा मिस्त्री खांबावर चढला आणि त्याने दिव्याला पत्र्याची टोपी बसवली. आता उजेड पोत्यांवर पडतो, गच्चीवर येत नाही. दिवा बंद करावाच लागत नाही.

अडचण एकच उरली आहे. मालक आता पाहुण्यांना घेऊन येतात, आणि माझी पाळी शेवटी लागते.